शेजाऱ्यांवरून ओळख

आवर्तसारणी पाठ करता येते, हे तिचं दुर्दैव आहे. जे पाठ झालं ते समजलं, असं आपल्याकडे धरून चालतात. नीट आणि सीईटीच्या क्लासांत तर तिच्यासाठी खास मंत्रच तयार झालेत. पहिल्या गणासाठी 'लीना के रब से फरियाद': लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम, फ्रान्सियम. दुसऱ्या गणासाठी 'बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी': बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. मंत्र हिंदी, क्लास लातूरचा, मुलं मराठी. कुणाचं काही अडत नाही. मुलगा गाडी मागतो, बाप कबूल होतो आणि सहा मूलद्रव्यं परीक्षेच्या हॉलपर्यंत सुखरूप पोचतात.

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे तेव्हाही या मंत्रांवर माझा राग नव्हता. नावं लक्षात राहिली तर बिघडलं कुठे? मी फक्त एक प्रश्न विचारायचे. कॅल्शियमच्या खाली स्ट्रॉन्शियम आहे. बरं, मग? वर्ग गप्प. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरची एखादी मुलगी सांगायची, "मॅडम, दोघांची संयुजा दोन." बरोबर आहे. पण मग?

त्या 'मग'चं उत्तर हाडांत सापडतं. शरीराला मूलद्रव्यांची नावं ठाऊक नसतात. हाड घडवताना त्याला दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, विशिष्ट मापाचा आयन हवा असतो. कॅल्शियमचा आयन त्यात नेमका बसतो. स्ट्रॉन्शियमचा थोडा मोठा असतो, पण घडण तीच, म्हणून त्यालाही आत घेतलं जातं. 1950 च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया उघड्या हवेत अणुचाचण्या करत होते. त्यातून निघालेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 पावसाबरोबर गवतावर पडलं, गवतातून गायींच्या दुधात उतरलं आणि दुधातून मुलांच्या दातांत गेलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 1958 च्या अखेरीस डॉक्टर लुईस राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दात देणाऱ्या मुलाला 'मी माझा दात विज्ञानाला दिला' अशा अर्थाचा बिल्ला मिळायचा. जमलेल्या दातांची संख्या पुढे 3 लाखांच्या आसपास गेली. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढलेलं दिसलं. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार 1963 मध्ये झाला, त्यामागच्या जनमताला या दातांचाही हातभार होता. स्ट्रॉन्शियम-90 निम्मं व्हायला सुमारे 29 वर्षं लागतात. म्हणजे दात पडून जातात, पण हाडात बसलेलं तिथंच राहतं.

याच स्तंभात आणखी खाली रेडियम आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग भरत. आकडे बारीक, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायचं, तसं त्यांना शिकवलंच होतं. पोटात गेलेलं रेडियम शरीरानं कॅल्शियम समजून हाडांत आणि जबड्यात साठवलं. काही वर्षांनी दात पडू लागले, मग जबडे झिजले. पाच जणींनी लढवलेला खटला 1928 मध्ये तडजोडीनं मिटला. स्ट्रॉन्शियम आणि रेडियम यांच्या मधल्या बेरियमचा मात्र आपल्याकडचे डॉक्टर बिनधास्त वापर करतात. पोटाच्या एक्स-रेआधी 'बेरियम मील' देतात. बेरियम विषारीच आहे, पण देतात ते बेरियम सल्फेट, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे शरीराला ते कॅल्शियमच्या नावाखाली आत घेण्याची संधीच मिळत नाही.

पहिल्या गणाचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा उपयोग होतो हे दाखवलं, आणि ते औषध आजही दिलं जातं. हे औषध घेणाऱ्याला डॉक्टर बजावतात, की मीठ अचानक कमी करू नका. कारण मूत्रपिंडाला सोडियम कमी पडू लागला की ते सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जातं. सारणीत लिथियमचं घर सोडियमच्या बरोब्बर वर आहे. 'मग?'चं हेही एक उत्तर.

आवर्तसारणी ही मला तेव्हापासून भाऊबंदकीच्या वहीसारखी वाटते. कोण कुणाचा, कुणाच्या जागी कोण उभा राहू शकतो, आणि कुणाच्या तोंडावळ्यावर भुलून कुणाला घरात घेतलं जाऊ शकतं, हे तीत लिहिलेलं असतं. नावं पाठ असणं म्हणजे त्या वहीतली फक्त पहिली ओळ वाचणं.

ही भाऊबंदकी प्रथम लक्षात आली तीही कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम यांच्यातच. जर्मनीतल्या येना इथल्या डोबेरायनर यांना 1817 च्या सुमारास दिसलं, की स्ट्रॉन्शियमचं वजन कॅल्शियम आणि बेरियमच्या वजनांच्या अगदी मध्यावर पडतं. आजचे आकडे घेतले तर 40.1 आणि 137.3 यांची सरासरी 88.7 येते आणि स्ट्रॉन्शियमचं अणुवस्तुमान आहे 87.6. आपल्या पुस्तकांतली 'डोबेरायनरची त्रिके' ती हीच. पुढे लंडनमध्ये न्यूलँड्स यांनी मूलद्रव्यं वजनानुसार मांडली आणि दर आठव्याला पहिल्याचा स्वभाव परत येतो असं सांगितलं. सा रे ग म प ध नी आणि पुन्हा सा. 1866 मध्ये केमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं तेव्हा जॉर्ज कॅरी फॉस्टर यांनी विचारलं, मूलद्रव्यं इंग्रजी वर्णानुक्रमानं लावून पाहिलीत का? थट्टा बोचरी होती आणि, माझ्या मते, पुरती अन्यायाची. कॅल्शियमपर्यंत न्यूलँड्स यांचा सूर लागलेला होता, पुढे मात्र त्यांचा स्वर हरवला.

प्रयोगशाळेतले आमचे मामा केरोसीनची बाटली आणायचे तेव्हा मुलं बाकांवर उभी राहायची. सोडियम सुरीनं कापता येतो. ताजा काप क्षणभर चांदीसारखा चकाकतो, मग लगेच मळकट होतो. मी पाण्याच्या पसरट भांड्यात आधी लिथियमचा तुकडा टाकायचे. तो तरंगत शांतपणे फसफसायचा. मग सोडियम: तो वितळून गोळी व्हायचा आणि पाण्यावर सैरावैरा पळायचा. पोटॅशियमचा कण टाकला की तो पाण्याला टेकताच फिकट जांभळ्या ज्योतीनं पेटायचा. यापुढचे रुबिडियम आणि सिझियम आमच्या कॉलेजात नव्हते, आणि नव्हते ते बरंच होतं. सिझियम 28.5 अंशांना वितळतो. मे महिन्यातल्या नागपूरला तो कपाटातच पातळ झाला असता.

वरून खाली येताना असं का होतं, हे सांगायला फार गणित लागत नाही. या सगळ्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे. खाली उतरावं तसं एकेक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि आतली कवचं केंद्रकाची ओढ झाकून टाकतात. लिथियमकडून तो इलेक्ट्रॉन काढून घ्यायला मोलमागे 520 किलोज्यूल लागतात, सिझियमकडून 376 पुरतात. डावीकडून उजवीकडे जाताना मात्र मुलं गोंधळायची. इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू लहान होतो. "मॅडम, सामान वाढलं तर घर मोठं व्हायला नको?" नको, कारण नवं कवच सुरूच झालेलं नसतं. इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात आणि केंद्रकाचा धनभार वाढत जाऊन सगळ्यांना आत ओढतो. सोडियमपासून निघून त्याच ओळीच्या टोकाशी क्लोरीनपर्यंत जा, अणूची रुंदी जवळजवळ निम्मी होते.

पुस्तकांत याला कल म्हणतात, आणि हा शब्द नेमका आहे. कल म्हणजे कायदा नव्हे. नायट्रोजनहून ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन काढणं अवघड असायला हवं, पण तो थोडा सोपाच निघतो, 1402 च्या जागी 1314. नायट्रोजनच्या तीन कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन सुटा बसलेला असतो. ऑक्सिजनमध्ये चौथा येतो आणि त्याला कुणाच्या तरी जोडीला बसावं लागतं. दोघंही ऋणभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. ही अडचण मुलांना चटकन कळायची. होस्टेलमध्ये राहिलेली असत.

1869 सालच्या फेब्रुवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये मेंडेलीव्ह यांच्यासमोर यातलं काहीच नव्हतं. इलेक्ट्रॉन नाही, कवच नाही, केंद्रकही नाही. होती ती 63 मूलद्रव्यं, त्यांची बरी-वाईट मोजलेली वजनं, आणि अर्धवट राहिलेलं स्वतःचं पाठ्यपुस्तक. हे मला नेहमी आवडत आलं आहे, की ही सारणी शिकवण्याच्या अडचणीतून निघाली. पुस्तकाचा पहिला भाग संपला होता. क्लोरीनचं कुटुंब झालं, सोडियमचं झालं, आता पुढे कुणाला घ्यायचं? त्या दिवशी ते चीजचे कारखाने पाहायला निघणार होते. त्याच संदर्भात आलेल्या एका पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी वजनांची मांडामांड केलेली आजही जपून ठेवलेली आहे. सारणी त्यांना स्वप्नात दिसली अशी एक गोष्ट सांगतात. मला तिच्यापेक्षा चीजवाल्या पत्राची पाठ जास्त पटते.

मेंडेलीव्ह यांचं खरं धाडस रिकाम्या जागा सोडण्यात होतं. अॅल्युमिनियमच्या खाली जो हवा तो सापडलेलाच नव्हता, म्हणून त्यांनी तिथं पुढचं मूलद्रव्य न सरकवता घर मोकळं ठेवलं, आणि 1871 मध्ये त्या न सापडलेल्याची माहितीही लिहिली: वजन 68 च्या आसपास, घनता 5.9, वितळायला सोपा. अशा घरांना त्यांनी संस्कृतातले एक, द्वि हे शब्द जोडून नावं दिली. हा होता 'एक-अॅल्युमिनियम'. आपल्याकडे या 'एक'वरच भाषणं संपतात, म्हणून मी पुढे सरकते. 1875 मध्ये फ्रान्सच्या लकॉक द बोआबोद्राँ यांना पिरेनीज डोंगरातल्या जस्ताच्या खनिजात, वर्णपटावर, दोन अनोळखी जांभळ्या रेषा दिसल्या. त्यांनी या मूलद्रव्याला गॅलियम नाव दिलं आणि घनता मोजली: 4.7. पीटर्सबर्गहून मेंडेलीव्ह यांनी कळवलं, की हा माझाच एक-अॅल्युमिनियम, आणि त्याची घनता 5.9 असायला हवी; नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याच्या हातात धातू आहे त्याला, ज्यानं तो पाहिलेलाही नाही असा माणूस, मोजमाप चुकलं म्हणून सांगतो! बोआबोद्राँ चिडले असणार, तरी त्यांनी पुन्हा मोजलं. 5.9.

जर्मेनियमची गोष्ट याहून घरगुती आहे. फ्रायबर्गचे क्लेमेन्स विंकलर 1886 मध्ये एका नव्या चांदीच्या खनिजाचं पृथक्करण करत होते. चांदी, गंधक, थोडं लोखंड, सगळं मोजून बेरीज केली की दर वेळी सुमारे 7 टक्के कमी पडायचे. किराणाच्या हिशेबात सात टक्के कमी आले तर आपण कुणावर तरी संशय घेतो. विंकलर यांनी संशय घेतला तो एखाद्या नव्या मूलद्रव्यावर, आणि ते मिळवलंच. वजन 72 च्या जवळ, जसं मेंडेलीव्ह यांनी सिलिकॉनच्या खालच्या घरासाठी लिहून ठेवलं होतं. त्याच्या क्लोराइडचा उत्कलनबिंदू 100 अंशांच्या खाली असेल असंही त्यांनी लिहिलं होतं. तो 86 निघाला. गंमत अशी, की हे मूलद्रव्य नेमकं कोणत्या घरातलं, यावर सुरुवातीला घोळ झाला. खुद्द मेंडेलीव्ह यांनी त्याला आधी कॅडमियमच्या घराजवळ बसवायचा विचार केला होता. आपणच आखलेलं घर त्यांनाही लगेच ओळखू आलं नाही.

हे सगळं ऐकून मुलांना वाटायचं, की ऋषी होते ते, सगळं दिसत होतं. तेव्हा मी टेल्युरियम आणि आयोडीनची जोडी काढायचे. टेल्युरियमचं वजन 127.6, आयोडीनचं 126.9. वजनाच्या क्रमानं गेलं तर आयोडीन आधी, टेल्युरियम नंतर. पण आयोडीन उघडच क्लोरीन आणि ब्रोमीनचा भाऊ, त्याला गंधकाच्या घरी कसं पाठवायचं? मेंडेलीव्ह यांनी स्वभाव पाहून दोघांची अदलाबदल केली आणि जाहीर केलं, की टेल्युरियमचं वजन चुकीचं मोजलेलं आहे. प्रागच्या ब्राउनर यांच्यासारख्या माणसानं ते वजन खाली आणण्यासाठी वर्षानुवर्षं घालवली. वजन बरोबरच होतं. घर बरोबर आणि कारण चूक. खरं कारण 1913 मध्ये हेन्री मोझली यांना क्ष-किरणांतून दिसलं: घरांचा क्रम वजनानं ठरत नाही, केंद्रकातल्या धनभारानं ठरतो. टेल्युरियम 52, आयोडीन 53, बस्स. हे शोधणारा माणूस 1915 च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या 27 व्या वर्षी मारला गेला. या एका वाक्यानंतर वर्गात पुढचा मुद्दा घ्यायला मला नेहमी जड जायचं.

रिकाम्या घरांची भाकितं करणाऱ्या माणसाला अख्खी रांगच राहून गेल्याचा संशय मात्र कधी आला नाही. त्या रांगेचा पहिला धागा आपल्याकडूनही जातो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून गुंटूरकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोनच महिन्यांनी इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणाची वाट न बघता तशाच ज्वाळा पाहिल्या. वर्णपटात सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेशेजारी एक वेगळी पिवळी रेषा होती, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. सूर्यावरच्या त्या मूलद्रव्याचं नाव हेलियम.

सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि 18 ऑगस्टला तिथं हेलियम दिवस साजरा होतो. लॉकयर यांनी 1868 मध्ये तिथून हेलियम शोधला असं ऐकायला मिळतं. लॉकयर तेव्हा विजयदुर्गावर नव्हते. ते तिथं आले 1898 च्या जानेवारीत, दुसऱ्या एका खग्रास ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाची निरीक्षणं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला घेतली. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाली होती. खरी गोष्ट खोटीपेक्षा कमी रंगतदार आहे असं मला अजिबात वाटत नाही. कोकणातल्या किल्ल्यावर दुर्बिणी रोवून बसलेला हा म्हातारा, तीस वर्षांपूर्वी सूर्यात दिसलेला वायू आता बरणीत भरून ठेवता येतो हे माहीत असलेला: एवढं पुरत नाही का?

पृथ्वीवर हेलियम पकडला तो विल्यम रॅम्झी यांनी, 1895 मध्ये, युरेनियमच्या एका खनिजातून. त्याआधी लॉर्ड रॅली यांच्यासोबत त्यांनी हवेत लपलेला आर्गॉन शोधला होता, आणि पुढे 1898 या एकाच वर्षात निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन. सहसा कुणाशीही संयोग न करणारे राजवायू. सारणीत त्यांच्यासाठी जागाच नव्हती, घर तर सोडाच. मेंडेलीव्ह यांनी आर्गॉनला बराच काळ मूलद्रव्य मानलं नाही, तीन नायट्रोजन जोडून झालेलं काहीतरी असेल असं त्यांचं म्हणणं. शेवटी हॅलोजन आणि अल्क धातू यांच्यामध्ये एक पूर्ण स्तंभ घालावा लागला आणि कुठलंही जुनं घर न हलवता तो बसला. न्यूलँड्स यांचा 'पुन्हा सा' तेव्हापासून आठव्याऐवजी नवव्या जागी येतो. हेच रॅम्झी 1900-01 च्या हिवाळ्यात जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेबद्दल सल्ला द्यायला हिंदुस्थानात आले होते, आणि संस्था बंगळूरला काढावी हे त्यांनीच सुचवलं. मुंबईकरांनी त्याबद्दल त्यांच्यावर थोडं रुसायला हरकत नाही.

आता एक स्तंभ असा घेते जो मराठी घरात जवळजवळ पुराच सापडतो. देवघरातलं तांब्याचं ताम्हन, चांदीचं निरांजन, आणि गळ्यातल्या मंगळसूत्राच्या सोन्याच्या वाट्या. तांबं, चांदी, सोनं: 11 वा गण, वरून खाली. ताम्हन चार दिवस घासलं नाही की काळवंडतं. चिंच आणि मीठ लावलं की लखलखतं, कारण चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा ऑक्साइडचा थर सोडवतं. चांदीला हवेतला ऑक्सिजन फारसं काही करू शकत नाही, पण गंधकाची संयुगं तिला काळी करतात. सोन्याला काहीच होत नाही. म्हणजे इथं खाली उतरावं तसा धातू शांत होत जातो, सोडियम-पोटॅशियमच्या अगदी उलट. स्तंभात खाली जाताना क्रियाशीलता वाढते, असं पाठ करून आलेली मुलं इथं हटकून अडायची. आकडेही विचित्र: तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढायला 745 किलोज्यूल, चांदीकडून 731, इथवर कल पाळला, आणि सोन्याला एकदम 890.

चांदी आणि सोनं यांच्यामध्ये एक आख्खं कवच वाढतं, तरी दोघांचे अणू जवळपास एकाच मापाचे. कारण सोन्याच्या आधी त्याच्या ओळीत लॅन्थॅनाइडांची एक जादा तुकडी येऊन गेलेली असते. तिच्यासोबत केंद्रकाचा भार 14 नं वाढतो, पण तिचे इलेक्ट्रॉन त्या भाराला नीट झाकत नाहीत. आणि दुसरं कारण आइन्स्टाइनचं. केंद्रकात 79 प्रोटॉन असले, की सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरतात. त्या वेगाला सापेक्षतेमुळे त्यांची कक्षा आकसते, आणि त्यांच्या बरोबरीनं सर्वांत बाहेरच्या कवचातला एस-इलेक्ट्रॉनही आत ओढला जातो. तो घट्ट धरला गेल्यामुळे सोनं सहसा कुणाशी संयोग करत नाही. त्याच आकसण्यामुळे सोन्याच्या दोन ऊर्जापातळ्या इतक्या जवळ येतात, की निळा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला पिवळा आपल्याला दिसतो. चांदीत हे अंतर जास्त असतं, शोषण अतिनील प्रकाशात होतं, म्हणून चांदी पांढरी. सराफाकडे रांगेत उभं राहून सोन्याच्या रंगावर बोलणाऱ्यांना सापेक्षतेच्या सिद्धान्ताबद्दल काही सांगायला गेलं तर ते घडणावळीत काही सूट आहे का एवढंच विचारतील, आणि ते बरोबरच आहे. सोन्याच्या उजव्या शेजाऱ्याची, पाऱ्याचीही हीच कथा. त्यानं स्वतःचे बाहेरचे इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरलेत, की त्याचे अणू एकमेकांना नीट धरत नाहीत. म्हणून तो उणे 39 अंशांपर्यंत द्रवच राहतो.

याच कारणानं माझा एका प्रश्नाशी जुना वाद आहे. सर्वांत क्रियाशील धातू कोणता? उत्तर म्हणून फ्रान्सियमला गुण मिळतात, कारण तो पहिल्या गणाच्या तळाशी. फ्रान्सियम मार्गरीत पेरे यांनी पॅरिसमध्ये 1939 ला शोधला. त्याचं सर्वांत टिकाऊ रूपही सुमारे 22 मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे पाण्यात टाकून बघण्याइतका तुकडा कुणाकडेच कधी नव्हता. आणि त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला लागतात 393 किलोज्यूल, सिझियमच्या 376 पेक्षा थोडे जास्तच. सोन्यातली तीच ओढ इथंही डोकं वर काढते. कल तळाशी पोचण्याआधीच वळतो. एका विद्यार्थ्यानं हे कारण देऊन उत्तरात सिझियम लिहिला आणि त्याचा गुण कापला गेला. त्यानं ते मला येऊन सांगितलं ते तक्रारीनं नव्हे, हसत. मी त्याला चहा पाजला.

2016 मध्ये 113, 115, 117 आणि 118 या मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि सारणीची सातवी ओळ पुरी भरली. 118 वा ओगानेसॉन राजवायूंच्या स्तंभात आहे, पण गणितं सांगतात की तो मुळी वायू नसावा, घन असावा. आठव्या ओळीचं पहिलं घर 119, फ्रान्सियमच्या खाली. जपानच्या रिकेन संस्थेत क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून ते भरण्याचा प्रयत्न चालू आहे. ते बनलं तरी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतं टिकेल, आणि बनतील तेही मोजके अणू. केरोसीनची बाटली, पसरट भांडं, यातलं काही उपयोगाचं नाही. शेजाऱ्यांवरून काय ठरवता येईल तेवढंच. मेंडेलीव्ह यांच्या रीतीनं वरच्या घरांवरून अंदाज बांधला तर ते सिझियमहून सैल निघायला हवं. आकडेमोड म्हणते, की त्याचा इलेक्ट्रॉन फ्रान्सियमपेक्षाही घट्ट असेल, पोटॅशियमहूनही.